नावं कुणी वाचली

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच परत पाठवलं असतंस, म्हणून तुझा पत्ता लॅबमधल्या छोट्या प्रिंटरवर छापला. रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्या त्यावर निघतात. एकोणीस वर्षांनंतरचं पहिलं पत्र आणि सुरुवातच लबाडीने. निदान ती कबूल करून पुढे जातो.

विजेच्या मीटरवाल्याला धरलं आहे. आता तो एक्याऐंशी वर्षांचा आहे. मुलीच्या घरी कुंड्यांना पाणी घालत होता. कोर्टात त्याला चाकांच्या खुर्चीतून आणतात, आणि मधल्या सुट्टीत तो खुर्चीतून उठून आपल्या पायांनी संडासला जातो. त्या दिवशी शाळेच्या मैदानात आपण होतो हे तो नाकारत नाही. 'मला उभं केलं म्हणून मी उभा राहिलो,' एवढंच म्हणतो. छत्तीस वर्षांपूर्वीच्या चौकशीने त्या दिवसाला दंगल म्हटलं होतं. दंगलीत हाताला लागेल तो मरतो. आपल्या वसाहतीत त्यांची आणि आपली घरं भिंतीला भिंत लावून होती, आणि मेलेले दोनशे बाराच्या दोनशे बारा आपले. तरी कोर्टाला पुरावा हवा की हे आधी ठरलेलं होतं. ते सिद्ध झालं तर त्याला वंशसंहार म्हणता येईल. नाही झालं तर तो महिन्याभरात परत कुंड्यांना पाणी घालेल.

आता माझी गोष्ट. माझी ती कथा तुला आठवत असणार. मासिक तुला पाठवलं होतं, ते तू परत केलंस. आत चिठ्ठी होती: 'माझं वाक्य मला न विचारता उचललंस. आता तूच बोल, मी बोलणार नाही. पहिल्या पानापुढे मी वाचलेलं नाही.' ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आधी राग म्हणून ठेवली, आता पुरावा म्हणून.

कारण त्या कथेत मी एक वस्तू मनाने घातली. एकच. मीटरवाल्याच्या हातात दिली. ती कुठली हे मी तुला लिहिणार नाही, आपल्या बाजूच्या वकीलबाईंनी बजावलं आहे. आपल्या वसाहतीची समिती दर वर्षी त्या तारखेला जमते, मेलेल्यांची यादी वाचते आणि मग ती कथा मोठ्याने वाचली जाते. सतरा वर्षं. आता खटल्यात आपल्या पाच माणसांनी शपथेवर सांगितलं की ती वस्तू त्याच्या हातात होती. मी वापरलेलं विशेषणसुद्धा दोघांनी वापरलं. आरोपीच्या वकिलाने पाचही जणांना बोलू दिलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. सहाव्या दिवशी त्याने दोन कागद पुढे केले. एक वीजखात्याचा, की ती वस्तू मीटरवाल्यांना मैदानातल्या त्या दिवसानंतर चार वर्षांनी मिळाली. दुसरं, माझं मासिक, तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेलं.

ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्या पाचांतल्या शिंपीणकाकूंना मी कोर्टाबाहेर गाठलं, म्हटलं, काकू, ते मी रचलं होतं हो. त्या म्हणाल्या, "तू नुसतं लिहिलंस रे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

आमच्याकडे नळीवर चुकीची पट्टी लागली की आतलं रक्त कितीही खरं असो, सांडून टाकावं लागतं. पाच नळ्या सांडल्या.

मैदानात असलेलं आणि कथा न वाचलेलं जिवंत माणूस आता एकच आहे. समितीच्या सभेला तू कधी आली नाहीस. चिठ्ठीत लिहिलं होतंस तशी खरंच पहिल्या पानावर थांबली होतीस ना? सगळं त्यावर आहे.

या पत्राची प्रत मी वकीलबाईंकडे दिली आहे. ते कोर्टात वाचलं जाऊ शकतं, म्हणून हे उघडंच समज.

धाकटा


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, आई पत्र वाचते की नाही कुणास ठाऊक. आमच्याकडे वाचायचं खातं बाबांचं. गोष्टीसुद्धा मला बाबांनीच वाचून दाखवल्या. आईला म्हटलं की तिचा घसा बसलेला. मी बारा वर्षांची होईपर्यंत बसलेलाच." आणि हसली. मला नवल वाटलं. शाळेत रोज सकाळी बातम्या तू वाचायचीस, आणि हेडमास्तर म्हणायचे, ही पोरगी रेडिओवर जाईल. तू हातमोज्यांच्या कारखान्यात गेलीस.

मंगळवारी मला पिंजऱ्यात उभं केलं. आरोपीच्या वकिलाला खरं तर मी त्याचाच साक्षीदार वाटलो असणार, इतकं गोड बोलला.

"ही कथा आपली?"

"हो."

"ही वस्तू आपण पाहिली होती?"

"नाही."

"मग कुणी सांगितली?"

"कुणी नाही. सुचली."

"सुचली म्हणजे कशी?"

"बसमध्ये बसलो होतो. तेव्हा सुचली."

लोक हसले. न्यायाधीशांनी वर पाहिलं तेव्हा थांबले.

"त्या दिवशी आपण मैदानात होता?"

"नाही. घरात. माळ्यावर, गाद्यांच्या मागे."

"म्हणजे आपण काहीच पाहिलं नाही."

"गादीचं कापड पाहिलं. निळे पट्टे होते."

"ते तरी नक्की ना?" तो म्हणाला.

मी हो म्हटलं. घरी येऊन विचार करत बसलो, की निळेच होते का.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. कथा पहिल्यांदा समितीत वाचली तेव्हा मागून एका बाईने विचारलं, "तू होतास का रे तिथं?" मी मान खाली घातली. सगळ्यांनी ते 'हो' समजून घेतलं, दोघीतिघी रडल्या. मान खाली घालणं हे खोटं बोलण्यात धरायचं का, यावर मी डायरीची अकरा पानं भरली आहेत. उत्तर पहिल्याच पानावर होतं, बाकीची दहा पानं मी स्वतःला सोडवण्यात घालवली.

साक्षीनंतर समितीच्या चिटणीसांनी मला जिन्यात अडवलं. रिटायर्ड पोस्टमास्तर आहेत, तुला आठवत असतील, तेव्हा पोस्टमन होते. त्यांचे दोन भाऊ गेले. म्हणाले, "तुला एवढीच खाज होती खरं बोलायची, तर सतरा वर्षं काय झोपला होतास? पाच माणसं खोटी पाडलीस. त्यांना काय करायचंय, चमचा होता की काठी होती? मेले की नाही लोक?"

"मेले."

"मग?"

मी शपथ घेतली होती, एवढंच सुचलं. पण ते मी त्यांना म्हटलं नाही, कारण शपथ त्या पाच जणांनीही घेतली होती.

एक वाक्य खाली खोडलं आहे. ते खोडलेलंच राहू दे.

धाकटा


१९ मार्च

ताई,

वकीलबाईंचा फोन आला. "तुमच्या बहिणीचं पत्र आलंय. तीन ओळी. येतायत." मी लॅबमध्ये होतो, हातमोजे तसेच चढवलेले, आणि तसाच जिन्यात जाऊन बसलो.

नंतर त्यांनी तिसरी ओळ सांगितली. 'माझ्या भावाला मध्ये घालू नका.'

तरी मी मागची खोली आवरली, उशीला नवा अभ्रा घातला. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "त्या लॉजवर उतरणार. तुम्हालाही माहितीय." मग अभ्र्याची घडी तिनेच नीट केली.

मी तुला बोलावतो आहे ते दोनशे बारा माणसांसाठी, की पाच जणांना मी बुडवलं त्याची भरपाई तू करावीस म्हणून? दोन्ही असेल. कुठलं किती ते मला मोजता येत नाही. पण हे न लिहिता तुला येऊ देणं आणखी वाईट झालं असतं.

तू काय पाहिलंस ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी माळ्यावरून मला उतरवताना तू एकच वाक्य बोललीस आणि नंतर कधीच नाही. ते मी आत्ता लिहीत नाही. काही विचारतही नाही. मागच्या बाकावर बसेन.

धाकटा


१४ एप्रिल

ताई,

तू आलीस, बोललीस आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेलीस. आपण एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. जिन्यात तू माझ्यासमोरून गेलीस तेव्हा मी बाजूला झालो, जिना अरुंद होता म्हणून. केस पांढरे झालेत तुझे. बाबांसारखी चालतेस.

आता सगळं लिहिता येतं. ती वस्तू टॉर्च होती. कथेत मीटरवाला भर दुपारी टॉर्च लावतो, आधी रजिस्टरवर आणि मग एकेकाच्या तोंडावर मारतो. 'आजारी डोळ्यासारखा पिवळट' असं मी लिहिलं होतं. तू सांगितलेलं वाक्य होतं, 'मीटरवाल्याकडे सगळ्यांची नावं होती.' त्या वाक्यात मला माणूस दिसेना. म्हणून मी त्याला उजेड दिला.

आणि खरं तर त्याला दिसतच नव्हतं.

तुझी साक्ष मी घरी येऊन आठवेल तशी उतरून काढली. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर. तुला शपथेचा कागद वाचायला दिला तेव्हा तू बराच वेळ नुसती पाहत राहिलीस. न्यायाधीश म्हणाले, चष्मा हवा का. तू म्हणालीस, "नको. मला वाचता येतं. मोठ्याने वाचून फार वर्षं झालीत."

मग तू सांगितलंस की सगळ्यांना मैदानात ओळीने बसवलं होतं आणि मीटरवाल्याने तुला हाक मारली.

"काय म्हणाला?" वकीलबाईंनी विचारलं.

"म्हणाला, ए, सकाळच्या बातम्या तूच वाचतेस ना? माझा चष्मा घरी राहिलाय. ये, जरा वाच."

"काय वाचायचं होतं?"

"त्याचं मीटरचं रजिस्टर. घर नंबर, घरवाल्याचं नाव, घरात माणसं किती. काही घरांपुढे पेन्सिलीचा ठिपका होता. म्हणाला, ठिपका असेल तेवढीच वाच."

"तुम्हाला काय वाटलं?"

"हजेरी वाटली. हजेरी झाली की घरी सोडतील. म्हणून मोठ्याने वाचलं, मागे बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून. घर वाचलं की त्या घरातल्या पुरुषांना उठवून मैदानामागच्या दगडाच्या खाणीकडे नेत होते."

"मग केव्हा कळलं?"

"आठव्या घरानंतर खाणीकडून आवाज आले."

"मग?"

"मग मी वाचत राहिले."

मागच्या बाकावर माझ्या शेजारी एक पत्रकार होता. त्याने लिहिणं थांबवलं.

आरोपीच्या वकिलाने तुला सोडायला हवं होतं. पण त्याला वाटलं, ही बाई स्वतःच स्वतःला बुडवते आहे, थोडा हात लावू.

"ठिपके त्याच सकाळी केले नसतील कशावरून?"

"त्यांच्यावर शाई होती."

"म्हणजे?"

"मागच्या महिन्याचा आकडा शाईने लिहिलेला होता, काही ठिकाणी ठिपक्यावरून. ठिपका खाली, आकडा वर. म्हणजे मागचं मीटर वाचायला आला त्याच्या आधीचे ते ठिपके आहेत."

"छत्तीस वर्षांनी आपल्याला ठिपक्यावरची शाई आठवते?"

"त्र्याहत्तर घरं होती. मी त्या ठिपक्यांशिवाय दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही. वर पाहिलं असतं तर माणसं दिसली असती."

रजिस्टर केव्हाच जळलं आहे. तो कागद आतून पाहिलेली, आणि ते कोर्टात सांगायला तयार असलेली, एकटी तू. एका महिन्याचा पुरावा तू दोन वाक्यांत दिलास. वकीलबाई बसल्या. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्याने विचारलं, "आणि ठिपका असलेली सगळीच घरं वाचलीत, अगदी प्रामाणिकपणे?"

"नाही. एक सोडलं."

"कुणाचं?"

"आमचं."

बाबा जिवंत का राहिले हे आपल्या घरात कुणी कधी विचारलं नाही. आई म्हणायची, दैव. बाबा काहीच म्हणायचे नाहीत आणि त्या दिवसानंतर तुझ्याशी फार जपून बोलायचे, जसं सावकाराशी बोलावं. मला वाटायचं, तू मोठी झालीस म्हणून.

मीटरवाला शेजारच्या शिपायाला काहीतरी बोलला. शिपायाने नंतर वकीलबाईंना सांगितलं. तो म्हणाला होता, "पोरगी हुशार होती."

मी तुझं वाक्य उचललं असं तू लिहिलं होतंस. तेव्हा मला वाटलं, वाक्याचा काय एवढा राग. त्या वाक्यावर तू झाकण ठेवलं होतंस आणि मी ते मासिकात छापलं, वर आणखी एक टॉर्च लावला. याला क्षमा मागायची म्हणजे कुठून सुरू करायचं ते मला कळत नाही, म्हणून मागत नाही.

धाकटा


९ जून

ताई,

निकाल तुला वकीलबाईंनी पाठवला असेल. जन्मठेप. निकालात 'वंशसंहार' हा शब्द अकरा वेळा आहे, मी मोजला. पाच जणांच्या साक्षी 'अविश्वसनीय' म्हणून बाजूला ठेवल्या आहेत. तुझ्याबद्दल लिहिलं आहे की, स्वतःला दोषी ठरवणारी गोष्ट सांगायला साक्षीदाराला कुठलंही कारण नव्हतं, म्हणून ती ग्राह्य धरावी. म्हणजे तू जेवढी वाईट ठरलीस तेवढी खरी ठरलीस. आपल्याला जे हवं होतं ते मिळालं, असं सगळे म्हणतात, आणि म्हणताना कुणी कुणाकडे पाहत नाही.

काल ती तारीख होती. चिटणीस म्हणाले, "या वर्षी कथा नको. निकालही वाचायचा नाही. दोन मिनिटं उभं राहू आणि घरी जाऊ." यादी मात्र वाचायची होती. दर वर्षी एखादी शाळकरी मुलगी वाचते. यंदा कुठल्याच आईने मुलीला पाठवलं नाही. शेवटी चिटणीसांनी स्वतः वाचली. आपल्या भावांपाशी त्यांना थांबावं लागलं.

सगळे गेल्यावर शिंपीणकाकू खुर्च्या एकावर एक लावत होत्या. आता त्यांना वाकवत नाही, तरी लावतात. मी मदतीला गेलो.

"तुझ्या कथेला मी का धरून राहिले, विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला टॉर्च दिसला होता ना."

"आता दिसतो. तेव्हा होता की नाही, देव जाणे. पण आवाज मला तेव्हाच कळला होता. साऱ्या वसाहतीला कळला होता. रोज सकाळी ऐकायचो आम्ही तो आवाज, शाळेच्या भिंतीपलीकडून."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"कुणी बोललं नाही," त्या म्हणाल्या. "ठरवलं वगैरे नव्हतं. सतरा वर्षांची पोर, तिला काय बोलायचं? मग तुझी कथा आली. त्यात तो मेला स्वतःच टॉर्च लावून वाचतो. पोर कुठे नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, आता हेच खरं. दर वर्षी ऐकलं, दर वर्षी जास्त खरं झालं. कोर्टातपण तेच सांगितलं आम्ही. आणि तू येऊन म्हणालास, मी रचलं."

म्हणजे त्यांनी माझी कथा तुझ्यावर पांघरूण म्हणून घातली होती, आणि मी, माझ्या प्रामाणिकपणासाठी, ती ओढून काढली. त्याशिवाय ठिपके सापडले नसते हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे याचा मला काडीचाही उपयोग होत नाही.

मी म्हटलं, "काकू, तिला तसं कळवतो. की तुम्ही रागावला नव्हता."

"तेव्हा नव्हते," त्या म्हणाल्या. "आता आहे."

त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी मला बसवलं, दुसऱ्या खुर्चीवर आपण बसल्या आणि सांगितलं. मध्ये मी एक शब्द बदलून घालत होतो, तो त्यांनी पकडला आणि परत त्यांचाच लिहायला लावला. ते असं आहे:

'पोरी, तू वाचत होतीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते मी सोडून दिलं होतं. पण सोडता येत होतं, हे मला कोर्टात कळलं. त्याला दिसत नव्हतं, तर एक घर सोडलंस तसं दुसरंही सोडता आलं असतं. आमचं घर तुमच्या घरानंतर तिसरं. माझा मुलगा तुझ्याच वर्गात होता, मागच्या बाकावर. आमचं घर समोर आलं तेव्हा तुझ्या मनात काय आलं, तेवढं मला सांग. भीती वाटली असेल तर तसं सांग. आठवलंच नसेल तर तसं सांग. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, तसलं मी फार वर्षं ऐकलं. मी वाट बघते.'

हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पाठव."

धाकटा